स्मारक नाण्याचा आकडा सिंहाखाली का गेला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका किराणा दुकानात मी शेंगदाणे घेतले आणि झालेल्या पैशांपैकी दहा रुपये नाण्याने दिले. ते नाणे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५व्या जयंतीनिमित्त २०१५ साली काढलेले होते. दुकानदाराने ते बोटांत धरले, बाबासाहेबांची प्रतिमा पाहिली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, हे नाही चालत. ह्याच्यावर दहाचा आकडाच नाही." आकडा होता. नाणे उलटले की अशोकस्तंभाच्या सिंहांखाली रुपयाच्या चिन्हासह दहा हा आकडा स्वच्छ दिसतो. मी तो दाखवला, तेव्हा "दुसरं द्या की, पुढं माझ्याकडून कुणी घेत नाही," असे म्हणून त्याने नाणे माझ्या हातावर परत ठेवले. या दुसऱ्या वाक्यात तो खरे बोलत होता, असे मला वाटते.

हे दुकान प्रतापसिंह हायस्कुलापासून हाकेच्या अंतरावर आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव याच शाळेच्या पटावर चढले आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांच्याच प्रतिमेचे सरकारी नाणे याच परिसरात 'खोटे' ठरावे, याची रुखरुख घरी पोहोचेपर्यंत गेली नाही. तरीही केवळ दुकानदाराच्या अज्ञानावर बोट ठेवून गप्प बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण त्याची चूक जेवढी त्याची आहे, तेवढीच ती नाण्याच्या घडणीची आहे, आणि ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

मी नाणेशास्त्राचा अभ्यासक नाही. नोकरीची बरीच वर्षे रोखपालाच्या खिडकीमागे गेली, त्यामुळे नाणे डोळ्यांआधी बोटांना कळते, एवढीच माझी पात्रता आहे. एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेले, पण नेहमीच्या नाण्यासारखेच बाजारात फिरावे अशा हेतूने पाडलेले नाणे हे तसे अवघड प्रकरण असते. ते वेगळे दिसले पाहिजे, नाहीतर स्मरण कसले? आणि ते ओळखीचेही वाटले पाहिजे, नाहीतर ते घेणार कोण? हा तोल कधी साधला गेला आणि कधी गेला नाही, हे आपल्याकडच्या दोन नाण्यांवरून चांगले दिसते.

पहिले नाणे १९९९ सालचे, छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रतिमेचे, दोन रुपयांचे. महाराजांच्या राज्याभिषेकाला त्या वर्षी ३२५ वर्षे होत होती. त्या काळी दोन रुपयांचे रोजचे नाणे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे, २६ मिलिमीटरचे, सहा ग्रॅम वजनाचे आणि अकरा कडांचे होते. रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे आणि गोल, पाच रुपयांचे व्यासाने लहान पण नऊ ग्रॅमचे जाडजूड, आणि या दोघांच्या मधले हे कोनदार. खिशात हात घातला की तिन्ही नाणी न पाहता वेगळी काढता येत. अकरा कडांची ती नाणी मोजताना अंगठ्याखाली एक कड लागली की पुढचे मोजायचे कारणच उरत नसे. रोजच्या दोन रुपयांच्या एका बाजूस सिंह, 'भारत', 'इंडिया' आणि दोन हा आकडा होता, तर दुसऱ्या बाजूस देशाचा नकाशा आणि राष्ट्रीय एकात्मतेचे शब्द होते. महाराजांचे नाणे काढताना धातू, वजन, कडा, सिंहाची बाजू यांपैकी कशालाही हात लावला गेला नाही. केवळ नकाशाच्या जागी महाराज आले.

हे नाणे आले तेव्हा साताऱ्याच्या मंडईत ते कोणी नाकारल्याचे मला आठवत नाही. उलट त्याची अडचण वेगळीच झाली. लोक ते देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या डबीत, मुलांच्या गल्ल्यात ठेवू लागले आणि ते फिरेनासे झाले. माझ्याकडेही त्यातली दोन आहेत. मिळालेले दोन रुपये खर्च न करता बाजूला ठेवावेत असे माणसाला वाटणे, यापेक्षा स्मारक नाण्याला अधिक काय हवे? २००२ साली निघालेले संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणेही याच घडणीचे होते आणि त्याबद्दलही कोणाच्या मनात शंका आल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसरे, म्हणजे माझ्या हातावर परत आलेले दहाचे नाणे घ्या. २०११ पासूनच्या रोजच्या दहाच्या नाण्यावर सिंहाच्या बाजूला मूल्य नसते. ते दुसऱ्या बाजूला, रुपयाच्या चिन्हासह, सुरुवातीची काही वर्षे वर दहा किरणे किंवा पाकळ्या काढून, मोठ्या आकारात दिलेले असते. साहजिकच दुकानदाराची नजर आकडा शोधायला त्याच बाजूकडे जाते आणि सिंहाची बाजू फक्त 'सरकारी आहे' एवढे सांगायला उरते. स्मारक नाण्यात मात्र ती आकड्याची बाजू प्रतिमेला दिली जाते आणि बेघर झालेला आकडा सिंहाखाली जाऊन बसतो. म्हणजे ज्या बाजूला आकडा शोधायची सवय आहे तिथे तो नाही, आणि जिथे आहे तिथे पाहायची सवय नाही. दोन रुपयांच्या वेळी ही अडचण आपोआप टळली होती, कारण तिथे आकडा मुळातच सिंहाजवळ होता. दहाच्या नाण्याची रचना करताना कोणी मंडईत उभे राहून नाणे देऊन पाहिले असते, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

याला जोड मिळाली ती प्रकारांच्या संख्येची. दहाच्या नाण्याबद्दल अफवा इतक्या पसरल्या की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला प्रसिद्धीपत्रक काढून सांगावे लागले, की तोपर्यंत या मूल्याची १४ निरनिराळ्या घडणींची नाणी चलनात आणलेली आहेत आणि ती सर्व वैध आहेत. मूळ वाद १० किरणांचे नाणे खरे की १५ किरणांचे, आणि रुपयाचे चिन्ह असलेले खरे की नसलेले, असा होता. त्याचे उत्तर सोपे आहे. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते असण्याचा प्रश्नच येत नाही आणि १५ किरणांची नाणी त्या आधीच्या घडणीची आहेत. माहितीसाठी १४४४० हा टोलफ्री क्रमांकही देण्यात आला. परंतु प्रसिद्धीपत्रक इंग्रजी-हिंदीत निघते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि अफवा मात्र मोबाइलवरून मराठीत येते. या लढतीत कोण जिंकणार हे वेगळे सांगायला नको.

प्रकार म्हटले की लोकांना लगेच खोटेपणाचा वास येतो, म्हणून प्रकार का होतात हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपली नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळींत पडतात आणि कोणते नाणे कुठले हे नाण्यावरच लिहिलेले असते. वर्षाच्या आकड्याजवळ बारकाईने पाहावे. हिऱ्यासारखी लहानशी आकृती असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. माझ्याकडच्या शिवाजी महाराजांच्या दोन नाण्यांपैकी एकावर हा हिरा आहे. एकाच वर्षाच्या, एकाच प्रतिमेच्या दोन नाण्यांत एकावर चांदणी आणि दुसऱ्यावर काहीच नसणे हा दोष नव्हे. तो नाण्याचा पत्ता आहे. दुकानदार मात्र दोन नाणी शेजारी ठेवतो, फरक पाहतो आणि एक बाद करतो.

धातूचा प्रकार याहून फसवा असतो. दांडी यात्रेला ७५ वर्षे झाली तेव्हा, २००५ साली, पाच रुपयांचे स्मारक नाणे निघाले. ते तांबे-निकेलमध्येही आहे आणि स्टेनलेस स्टीलमध्येही. चित्र तेच, मजकूर तोच, वर्ष तेच. पण लोहचुंबक जवळ नेला तर एक चिकटते आणि दुसरे ढिम्म हलत नाही. नाणेसंग्राहकांची मंडळी त्यामुळेच खिशात लहानसा लोहचुंबक बाळगून असतात. ज्याने केवळ ऐकले आहे की 'खरे नाणे चुंबकाला चिकटत नाही', तो यातले स्टीलचे नाणे फेकून देईल. तांबे आणि निकेल महागले म्हणून सरकारने स्टीलकडे वळणे समजण्यासारखे आहे, पण हे बदल होत असताना ते सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली, एक रुपया आणि ५० पैसे अशी. त्या ५० पैशांवर काही नाण्यांत नाव नागरीत आहे, तर काहींत रोमन लिपीत. म्हणजे हा प्रकार पहिल्या दिवसापासून चालत आलेला आहे. आपल्यालाच तो सांगितला गेला नाही.

आणि आपल्या मुलखाने तरी नाण्यांतल्या फरकांना घाबरू नये. महाराजांनी राज्याभिषेकानंतर पाडलेली तांब्याची शिवराई आजही साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतून, देवळांच्या पेट्यांतून निघते. तिच्या एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही तिच्यासारखी नाणी पडत राहिली. ठसे हाताने कोरले जात, त्यामुळे कुठे 'शिव' ऱ्हस्व तर कुठे दीर्घ, कुठे अक्षर उलटे, कुठे एखादी मात्राच काठाबाहेर गेलेली. दुदांडी म्हणून ओळखला जाणारा प्रकार तर आणखी निराळा. ही नाणी घेणाऱ्या माणसाने शुद्धलेखन तपासले नाही. त्याने धातू आणि वजन पाहिले. एवढ्या फरकांची सवय असलेल्या मुलखात आज दहाच्या नाण्यावर किरणे किती हे मोजत बसावे लागते, याचे मला थोडे हसूही येते.

नाणी ओळखू यावीत असा प्रयत्न सरकारकडून कधी झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. २००७ पासून काही वर्षे हाताच्या मुद्रांची नाणी निघाली. ५० पैशांवर मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळावे असा हेतू चांगलाच होता, पण दोन रुपयांचे नाणे तोवर अकरा कडा सोडून गोल झाले होते आणि रुपयाच्या नाण्याशी त्याची गल्लत होऊ लागली होती. दृष्टिहीनांना बोटे कोरलेली दिसत नाहीत. त्यांना कड लागते. माझ्या मते आपल्या नाण्यांच्या घडणीतील मोठी घोडचूक कोणती असेल तर ती दोन रुपयांच्या कडा घालवणे ही आहे. २० रुपयांचे नाणे बारा कडांचे करताना ही चूक काही अंशी दुरुस्त झाली. तेही दहाच्या नाण्याप्रमाणे २७ मिलिमीटरचेच आहे, पण दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे पिवळे आणि आतला भाग पांढरा असतो, तर वीसच्या नाण्यात याच्या उलट. डोळ्याला रंग आणि बोटाला कोन, दोन्ही सोयी झाल्या.

स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची नाणी ६ जून २०२२ रोजी निघाली (तारीख शिवराज्याभिषेक दिनाची होती, हा योगायोग). एक, दोन, पाच, दहा आणि वीस अशा पाचही मूल्यांवर महोत्सवाचे एकच बोधचिन्ह घालण्यात आले आणि दृष्टिहीनांना ओळखता येतील अशी ही नाणी आहेत असे सांगण्यात आले. पाचही नाण्यांवर एकच चिन्ह असल्यामुळे 'हे चिन्ह म्हणजे खरे' एवढे तरी लोकांना समजू शकले असते. तरीही मला ती नाणी कोरडी वाटतात. बोधचिन्ह जाहिरातीच्या फलकावर शोभते. नाण्यावर चेहरा हवा, नाहीतर एखादी वस्तू, इमारत, नांगर, काहीतरी असे की जे पाहून मुलाने "हे काय आहे?" असे विचारावे. १९९९ सालच्याच एक रुपयाच्या नाण्यावर संत ज्ञानेश्वर आहेत. ते नाणे हातात घेऊन माझ्या मुलीने विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात.

अलीकडच्या काही वर्षांत आणखी एक चाल पडली आहे, ती मला अधिक खटकते. ७५, ९०, १००, १२५ अशा मूल्यांची नाणी, बहुतेक चांदीची किंवा चांदीमिश्रित, टांकसाळ डबीत घालून दर्शनी मूल्यापेक्षा कितीतरी अधिक किमतीला विकते. नव्या संसद भवनाचे २०२३ सालचे ७५ रुपयांचे नाणे निम्मे चांदीचे आहे. संग्राहकांनी ती जरूर घ्यावीत. पण ज्याच्या नावाने नाणे काढायचे तो माणूस जर लोकांचा असेल, तर त्याचे नाणे लोकांच्या खिशात गेले पाहिजे. बाबासाहेबांच्या बाबतीत १२५ रुपयांचे डबीतले आणि दहाचे व्यवहारातले अशी दोन्ही नाणी निघाली, हे चांगले झाले. दुर्दैव असे की व्यवहारातले नाणे आमच्याच पेठेत व्यवहारात जात नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न केव्हाच मिटलेला आहे. नाणे अधिनियम, २०११ अन्वये एक रुपया आणि त्याहून अधिक मूल्याची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत, ५० पैशांची दहा रुपयांपर्यंत, आणि २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झालेली आहेत. बँकांनी सर्व मूल्यांची नाणी स्वीकारली पाहिजेत, असे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितलेले आहे. तरी मी ज्या शाखेत त्या दिवशी हे नाणे आणि आणखी थोडी चिल्लर भरायला गेलो, तिथल्या कर्मचाऱ्याने "मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या" असे सांगितले. रोखपाल म्हणून मी स्वतः चिल्लर मोजलेली आहे, त्यामुळे त्याचा कंटाळा मला समजतो. पण बँकेनेच घेतले नाही, ही बातमी मंडईत पोहोचायला संध्याकाळ होत नाही, आणि मग दुकानदाराला दोष देण्यात काही अर्थ राहत नाही.

माझी संबंधितांना विनंती एवढीच आहे, की यापुढे व्यवहारात फिरणारे स्मारक नाणे काढताना त्या मूल्याच्या रोजच्या नाण्याची निदान एक बाजू, आकड्यासह, जशीच्या तशी ठेवावी. रोजच्या दहाच्या नाण्याच्या सिंहाच्या बाजूलाही आकडा आणता आला तर प्रश्नच मिटेल. नाणे बाजारात येईल त्याच दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंचे चित्र आणि मराठीत दोन ओळी प्रत्येक बँक शाखेत, एसटी स्थानकावर आणि बाजार समितीत लागाव्यात. दोन रुपयांच्या नाण्याला अकरा कडा परत मिळाल्या आणि त्यावर पुन्हा एकदा महाराज आले, तर ते साताऱ्यात किती दिवस फिरेल हे मला माहीत आहे, पण तो धोका पत्करावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. दहाच्या नाण्याच्या निरनिराळ्या प्रकारांची छायाचित्रे एका पानावर, प्रत्यक्ष आकारात छापता आली तर पाहावे. मी ते पान कापून दुकानदाराकडे नेऊन देईन. त्याने ते गल्ल्याशेजारी चिकटवायचे कबूल केले आहे. मात्र प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू छापाव्यात. नुसत्या प्रतिमेच्या बाजू छापल्या, तर "आकडाच नाही" हे त्याचे म्हणणे पुन्हा खरे ठरेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल,
शनिवार पेठ, सातारा